चाळीस पावलं खाली

पाणीपुरवठा खात्यात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे ‘मिलीमीटर’ म्हणत. हे बारसं एका पंपचालकानं केलं होतं. नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा. मोजपट्टीवर पाण्याची रेघ दोन आकड्यांच्या मधे थबकली होती आणि हा गडी कालव्याच्या काठावर पोटावर आडवा पडून, डोळा पाण्याच्या पातळीला लावून, ती नेमकी कुठे आहे हे अर्धा तास बघत होता.

“अहो मिलीमीटर, पाणी काही पळून जात नाही!” पंपचालक वरून ओरडला.

“पळतंय ना,” हा खालून म्हणाला, “म्हणून तर मोजायचं.”

खातं दिवसभर हसलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्यालाही त्याचा अभिमान वाटायला लागला.

काम म्हटलं तर साधं, म्हटलं तर साऱ्या शहराचा जीव त्यावर. शहर नदीकाठी होतं, पण नदी काही शहराच्या बापाची नव्हती. खाली दहा किलोमीटरवर एक जुनं गाव होतं आणि नदीच्या पाण्यावर त्या गावाचा हक्क शहराच्या आधीचा. कायदा असा, की ज्यानं आधी पाणी घेतलं त्याचा नंबर आधी. कोरड्या महिन्यांत गावानं मागणी केली की शहरानं नदीतून हात काढून घ्यायचा आणि वरच्या तलावात साठवलेल्या पाण्यावर दिवस काढायचे. त्यात एकच सवलत होती. घराघरांतून वापरून आलेलं पाणी शहर शुद्ध करून एका कालव्यानं परत नदीत सोडत असे, गावाच्या वरच्या अंगाला. जितकं पाणी असं परत केलं, तितकं शहराला वरून जास्तीचं उचलता येई. परत किती केलं हे कालव्यातली एक लोखंडी मोजपट्टी सांगायची, आणि पट्टी काय सांगते हे मिलीमीटर सांगायचा.

आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि त्याची ताई वीसची. शहराच्या टोकाला, जिथे पुढे शुद्धीकरण केंद्र झालं, तिथेच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. ताईचं लग्न ठरलं ते खालच्या गावात. “मला एक भाऊ आहे आणि तो माझ्याबरोबर येणार,” एवढी एकच अट तिनं घातली. भावजी उंच, हाडकुळे, कमी बोलणारे. पण हे मात्र ते आयुष्यभर सांगत, “लोकांच्या बायका भांडीकुंडी घेऊन येतात, हिनं बारक्या आणला. भांडी तरी जेवायला मागत नाहीत.” असं म्हणायचे आणि स्वतःच्या ताटातली भाजी बारक्याच्या ताटात सरकवायचे. त्यांनीच त्याला शाळेत घातलं, शहरात शिकायला ठेवलं. नोकरी लागली त्या दिवशी ते दहा किलोमीटर सायकल मारत शहरात आले, खात्याच्या फाटकाशी उतरले, रखवालदाराला म्हणाले, “इथे आमचा मुलगा कामाला लागलाय,” आणि आत न जाताच परत गेले.

नदीपासून हाकेच्या अंतरावर ताई-भावजींची रोपवाटिका होती. लिंबू, डाळिंब, अंजीर, गुलाब. काळ्या पिशव्यांमधली रोपं शाळेतल्या मुलांसारखी ओळीनं उभी. मधोमध विहीर. गावातले लोक विहीर खोदण्याआधी पाणाड्याला बोलवत. तो हातात काटकी धरून रानभर फिरायचा आणि काटकी वाकली की म्हणायचा, खणा इथे. भावजींनी त्याला बोलावलं नाही. “काटकीला काय कळतंय? मी मातीलाच विचारतो,” म्हणाले. तीन दिवस जागोजागी खड्डे घेऊन, माती मुठीत चुरगाळत हिंडले आणि जागा स्वतः ठरवली. अठरा हातांवर पाणी लागलं, तेही असं की वर येताना गड्याचे कपडे भिजले. पाणाड्या सहा महिने त्यांच्याशी बोलला नाही.

मिलीमीटर छत्तीस वर्षांचा होता त्या वर्षी उन्हाळा लांबला. वरचा तलाव इतका खाली गेला की त्याच्या पोटात बुडालेला जुना रस्ता उघडा पडला आणि त्यावरचे मैलाचे दगड दिसायला लागले. शहरात चौथ्या दिवशी पाणी. इस्पितळात शस्त्रक्रिया पुढे ढकलायला लागले. मिलीमीटरची बायको सहा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राही. शेजारणी टोमणे मारत, “नवरा पाणीखात्यात आणि तुम्हीसुद्धा रांगेत?” ती म्हणे, “ते पाणी मोजतात हो, आणत नाहीत.”

एका सकाळी मोठे साहेब, म्हणजे खात्याचे मुख्य अभियंता, स्वतः कालव्यावर आले. आवाज न चढवणारा, सगळ्यांना अहो-जाहो करणारा माणूस.

“मिलीमीटर, इथे आकडा स्थिर मिळत नाही म्हणे?”

“नाही साहेब. केंद्रातून तो नवीन पाईप जोडला तेव्हापासून पाणी भोवरा घेतंय. रेघ दोन-दोन बोटं वरखाली होते.”

“मग पट्टी जरा खाली घेऊ. पुढे कालवा सरळ आहे.”

“सरळ आहे साहेब, पण तिथे ओहोळ मिळतो.”

साहेबांना ते ठाऊक होतं.

पट्टीच्या जागेपासून पंचवीस-तीस पावलांवर, डाव्या अंगानं एक ओहोळ येऊन कालव्याला मिळत असे. झऱ्याचं पाणी, भर उन्हाळ्यातही आटायचं नाही. ते ना शहराच्या नळातून आलेलं, ना गटारातून. कालवा नव्हता तेव्हाही ते आपलं आपण नदीला जायचं, म्हणजे हक्कानं गावाचंच. पट्टी त्याच्या खाली लावली, तर ते पाणीही शहरानंच परत केलं असं दिसणार होतं आणि तेवढंच पाणी शहर वरून जास्तीचं उचलणार होतं. म्हणजे ज्याचं होतं त्यालाच ते द्यायचं आणि वर त्याच्याकडूनच मोबदला घ्यायचा. हे समजायला मिलीमीटरला कागद-पेन्सिल लागली नाही. त्याचं लहानपणचं घर त्याच ओहोळाच्या काठी होतं.

“ओहोळ वेगळा मोजू आणि वजा करू,” तो म्हणाला.

“करता येईल की. लिहून द्या,” साहेब म्हणाले.

त्यानं एक पानभर टिपण लिहून फायलीत लावलं. दोन दिवसांनी फाईल परत आली. समासात साहेबांच्या बारीक अक्षरात दोनच शब्द होते: चर्चा करावी.

साहेबांनी त्याला बसवलं, चहा मागवला.

“मुलगी केवढी झाली तुमची?”

“सहा महिन्यांची.”

“पाणी कुठून आणता?”

“टँकरचं, साहेब.”

साहेबांनी आपला कप बाजूला सारला. मग म्हणाले, “मी तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाहीये. भोवऱ्यामुळे पट्टी हलवली, हे खरंच आहे. पट्टीवर जे दिसेल तेच लिहा. सकाळी इस्पितळाचे मोठे डॉक्टर इथेच बसले होते, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत. एवढा उन्हाळा निघू दे. तलाव भरला की पट्टी परत जागेवर. माझा शब्द.”

मिलीमीटरनं चहा संपवला. समोरच्या फायलीतून आपलं टिपण आपल्याच हातानं काढलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं तो स्वतःची समजूत घालायचा की साहेबांनी आपल्याला करायला लावलं. पण आठवायचा तो स्वतःचाच हात. टिपण शर्टाबरोबर धुण्यात गेलं आणि त्याचा लगदा झाला.

पट्टी चाळीस पावलं खाली रोवली गेली. एका आठवड्यात परतीचं पाणी शंभराला अकरानं वाढलं. शहरात एक दिवसाआड नळ यायला लागले, इस्पितळाची कामं सुरू झाली. बायकोनं मुलीला कित्येक दिवसांनी पाट मांडून, भरपूर पाण्यानं न्हाऊ घातलं. ते बघताना त्याला मनापासून आनंद झाला, हेही खोटं नव्हतं.

तलाव भरला. पण त्याच सुमारास साहेबांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी हात हातात घेऊन ते म्हणाले, “ते आपलं पट्टीचं राहिलंच की हो,” आणि कसंनुसं हसले. नव्या साहेबांना काही माहीत नव्हतं. उद्या सांगू, असं मिलीमीटरनं ठरवलं. उद्याचा परवा झाला, परवाचा महिना. तोवर त्या वाढीव पाण्याच्या भरवशावर शहराच्या दोन नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांचे नळ जोडले गेले. आता सांगायचं म्हणजे चालू नळाच्या तोंडावर हात ठेवायचा. तो गप्प राहिला.

दर रविवारी तो ताईकडे जायचा. तिसऱ्या वर्षी भावजींनी विहिरीचा दोर चार हात वाढवला. पाचव्या वर्षी पंप बसवला, तर तो तासाभरात हवा ओढायला लागला. भावजींनी विहीर खोल केली, मग आणखी एकदा केली. दुसऱ्या वेळी खाली पाषाण लागला.

“काय रे बारक्या, तुझ्या शहरानं पाणी कमी सोडलंय का?” भावजींनी विचारलं. त्यात आरोप नव्हता. घरातल्या जाणत्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

“पाऊसमान कमी झालंय भावजी.”

पहिल्यांदा हे म्हणताना त्याची जीभ अडखळली. दुसऱ्यांदा नाही. वाक्य अगदीच निराधारही नव्हतं. पाऊस थोडा कमी झाला होता खरा.

मग भावजींनी दोष स्वतःकडे घेतला. पाणाड्या येता-जाता कुंपणावरून विचारायचा, “काय, मातीला विचारलं होतंत ना? आता काय म्हणते माती?” रोपं घ्यायला आलेले लोक हसायचे. भावजीही हसायचे, पण ते गेल्यावर विहिरीच्या काठावर डोकं धरून बसायचे. निम्मी रोपवाटिका मोडली. गुलाब आधी गेले, त्यांना जास्त पाणी लागतं.

मिलीमीटर पंचेचाळीसचा होता तेव्हा गावानं तक्रार केली. शहरात, पाणीवाटप समितीपुढे सुनावणी लागली. गावाच्या बाजूनं बोलायला एक निवृत्त मास्तर होते. वकील गावाला परवडणारा नव्हता. मास्तरांनाच हौस होती, आणि त्यांनी सगळे नियम वाचून काढले होते. ताई आणि भावजी धुतलेले कपडे घालून दुसऱ्या बाकावर येऊन बसले. शहराच्या बाजूनं साक्षीला मिलीमीटर होता. भावजी शेजाऱ्याला हळूच सांगत होते, “तो आमचा.”

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. “मला एकच सांगा. त्या पट्टीपाशी जे पाणी मोजलं जातं, ते सगळं शहरानं परत केलेलंच असतं का?”

नऊ वर्षं तो या प्रश्नाला भीत होता आणि आता तो समोर उभा होता, साध्या, सुती कपड्यातला. मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“पट्टीपुढून जेवढं पाणी जातं, तेवढं सगळं पट्टी मोजते. एक मिलीमीटरसुद्धा इकडचं तिकडे होत नाही.”

खात्याची माणसं त्याच्या टोपणनावामुळे खळखळून हसली. त्यांचं बघून समितीचे अध्यक्षही हसले. मास्तर हातातला कागद उलटसुलट करत क्षणभर उभे राहिले, “बरं,” म्हणाले आणि खाली बसले. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. तक्रार फेटाळली गेली. कारण लिहिलं होतं, पाऊसमानातली घट.

बाहेर व्हरांड्यात भावजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आपण हरलो हे त्यांच्या लक्षातच नव्हतं जणू. “काय बोललास रे! मास्तरसुद्धा खाली बसले. म्हणजे पाणी तर पुरतं येतंय. मग माझंच चुकलं.” ताईनं पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात दिला. “जेवून घे,” एवढंच म्हणाली.

नऊ वर्षांनी भावजी आजारी पडले ते उठलेच नाहीत. शेवटच्या आठवड्यात मिलीमीटर त्यांच्या उशाशी बसून होता. घरात बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते परत परत विहिरीवरच यायचे. “दहा हात नदीकडे सरकायला हवं होतं. माती ओळखता येते असा माज होता मला. हिच्या हातची रोपं गेली माझ्यामुळे.”

“तुमचं काही चुकलं नाही भावजी,” तो म्हणाला.

“तू तसंच म्हणणार,” भावजी म्हणाले आणि त्याचा हात थोपटला.

त्या वेळी सांगता आलं असतं. खोलीत दोघंच होते. त्यानं त्यांच्या ओठांना पाणी लावलं आणि उशी सारखी केली.

पुढे ताईनं एकटीनं दोन वर्षं ओढली. मग जागा देऊन टाकली आणि भावाकडे राहायला आली. मिलीमीटरची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती, तिची खोली रिकामीच होती. त्याची बायको आणि ताई, दोघींचं बरं जमलं. तोही निवृत्त झाला. सकाळी नळाला भरपूर पाणी येई. ताई ते भरून घेई, आणि त्याला तिथे उभं राहवत नसे.

तो साठ वर्षांचा असताना खात्यातून फोन आला. आता मुख्य अभियंता एक बाई होत्या. तलावातला साठा आणि परतीचं पाणी, दोन्हींचा करार नव्यानं लिहायचा होता, म्हणून त्या जुन्या नोंदी तपासत होत्या. त्यांनी त्याला मानानं बसवलं आणि संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर कित्येक वर्षांच्या परतीच्या पाण्याची रेघ होती. ती एका जागी जिन्याची पायरी चढल्यासारखी एकदम वर गेली होती.

“काका, या आठवड्यात काय झालं होतं? अकरा टक्के, एका झटक्यात. नोंदवहीतलं अक्षर तुमचंच आहे.”

त्यानं पायरीकडे बघितलं. “त्याच महिन्यात केंद्रातून नवीन पाईप जोडला होता.”

“अच्छा, म्हणून होय!” बाईंनी तसं लिहून घेतलं.

तो जिना उतरला. फाटकापर्यंत आला. पाय पुढे पडेनात, मागेही वळेनात. रखवालदारानं विचारलं, “काका, रिक्षा बोलवू का?” तो नको म्हणाला आणि भर उन्हात चालत घरी गेला.

बायको मुलीकडे गेली होती. ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मटार सोलत होती. तो चपला न काढताच दारात उभा राहिला.

“ताई, त्या सुनावणीत मी खरं बोललो नव्हतो.”

तिनं शेंग मोडली, दाणे वाटीत टाकले. “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“पट्टी ओहोळाच्या खाली नेली होतीस. शहरात येताना बस पुलावरून जायची, तिथून दिसायचं सगळं. त्या ओहोळात तुला न्हाऊ घालायचे मी बारक्या, तो कुठे मिळतो ते मला कळणार नाही होय?”

तो भिंतीला टेकून खाली बसला. “मग तिथेच का नाही बोललीस?”

“भरल्या सभेत? माझ्या तोंडानं तुला खोटा पाडू?” ती म्हणाली. “मला वाटलं, घरी येऊन सांगशील. या रविवारी नाही तर पुढच्या. मग वाट बघायचीच सवय लागली.”

“भावजींना माहीत होतं?”

ताईचे हात थांबले.

“नाही. त्यांना मी नाही सांगितलं. तो माणूस जागा चुकली, जागा चुकली म्हणत काठावर बसायचा. माझा एक शब्द पुरला असता. पण मग तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि तुझ्यावर त्यांचा केवढा जीव.” तिनं पदरानं नाक पुसलं. “भावाची लाज राखली मी. नवऱ्याला तसंच जाऊ दिलं. तू तुझं निस्तरशील कदाचित. माझं कसं निस्तरायचं ते सांग.”

त्यानं बसल्या बसल्या चपला काढल्या. मग तिनंच विचारलं, “आज काय झालं, म्हणून आज आठवलं?”

त्यानं बाईंच्या पडद्यावरची पायरी सांगितली.

“मग काय म्हणालास?”

“त्या महिन्यात नवीन पाईप जोडला होता, असं.”

“ते खरं आहे?”

“आहे.”

“झालं तर मग,” ताई म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

दुसऱ्या दिवशी खातं उघडायच्या आधी तो फाटकाशी उभा होता. बाईंना त्यानं सगळं सांगितलं: ओहोळ, टिपण, चहा, खिसा. साहेब वारून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांच्यावर ढकलणंही त्याला जमेना. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, “लेखी काही आहे?”

“नाही. मीच आहे.”

“चोवीस वर्षं, काका,” बाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्यांनी ओहोळावर वेगळी पट्टी बसवून वर्षभर मोजणी केली. ओहोळही आता थोडा रोडावला होता. शंभराला नऊ भरला. नव्या करारात तेवढं पाणी शहराच्या परतीतून वजा झालं. शिवाय गेल्या वर्षांची भरपाई म्हणून वरच्या तलावाच्या साठ्यात गावाचा वाटा ठरला. कोरड्या महिन्यांत तो नदीत सोडायचा. शहरात सकाळचं पाणी अर्ध्या तासानं कमी झालं. ज्या पंपचालकानं त्याचं बारसं केलं होतं, तो म्हातारा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, “मिलीमीटर, इतकी वर्षं गप्प बसलात, आणखी दहा बसला असतात तर आमच्या आंघोळी तरी झाल्या असत्या!” आजूबाजूचे हसले. त्यालाही हसावं लागलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरी दोन-दोन हात वर आल्या. ताईच्या जागेवर मात्र तोवर मालाचं गोदाम उभं राहिलं होतं. विहिरीवर सिमेंटचा स्लॅब होता आणि त्यावर ट्रक उभे राहत.

विहिरींचं पाणी वर आल्याचं कळल्यावर ताई म्हणाली, “मला एकदा गावात ने.”

त्याला वाटलं, तिला जागा बघायची असेल. ती गोदामाकडे वळलीसुद्धा नाही. आधी पाणाड्याच्या घरी गेली. पाणाड्या वारला होता. सून दारात आली. ताई तिला म्हणाली, “तुझ्या सासऱ्यांना सांगायचं होतं, आता तूच ऐक. आमची विहीर बरोबर जागी होती.” सुनेला काही कळलं नाही. “बरं मावशी,” म्हणून तिनं पाणी पुढे केलं.

मग मास्तरांकडे. ते अंगणात खुर्चीवर बसले होते, कानानं पार गेलेले. ताईनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं, “ह्यांनी विहीर बरोबर जागी खोदली होती!”

“असणारच,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी मिलीमीटरला न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “तुम्ही ते पट्टीवाले ना? तुमचं उत्तर मला अजून पाठ आहे. फार चोख बोलला होतात.”

“मी चुकीचं बोललो होतो मास्तर.”

“काय?”

“चुकीचं बोललो होतो!”

“मोठ्यानं बोला.”

“खोटं बोललो होतो!” तो ओरडला. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बाया थांबून बघायला लागल्या. समोरच्या घराची खिडकी उघडली.

मास्तरांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाले, “माझ्याकडे दुसरा प्रश्न तयार होता. कागदावर लिहिलेला. पट्टीच्या वर आणखी कुठून पाणी येतं का, असा. पण लोक हसले आणि मी बसलो.” आणि परत म्हणाले, “उगाच बसलो.”

बस यायला वेळ होता. थांब्यावर दोघं बाकावर बसले. ताईच्या कपाळावर घाम होता. त्यानं रुमाल दिला, तिनं घेतला.

“ताई, माझ्यावर राग आहे अजून?”

“आहे,” ती म्हणाली. “तुझ्यावर आहे, माझ्यावरही आहे. या वयात तो कुठे ठेवायचा, तेवढंच बघतेय.”

बस भरलेली होती. कुणीतरी ताईला जागा दिली. तो दांडी धरून दोन रांगा मागे उभा राहिला. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती आणि ती खिडकीबाहेर बघत होती. शहरात उतरताना त्यानं हात पुढे केला, पण ती दाराची कड धरून आपली आपण उतरली. घराच्या पायऱ्याही एकेक करत एकटीच चढली. किल्ली त्याच्याकडे होती, म्हणून दाराशी थांबली.